एकोणीस पूर्ण

रुद्राणी आक्काचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. तिची सगळी शाळा कानडीतून झालेली. लग्न होऊन नेसरीला आल्यावर मराठी बोलायला फक्कड शिकली, पण लिहायला बसली की घाम फुटायचा. म्हणून आमच्या गावच्या उपकेंद्रात गरोदर बायांची जी नोंदवही आहे, तिच्यात त्र्याण्णव सालापासून जे काही लिहिलंय ते माझ्या हातचं. ती बोलायची, मी लिहायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बायडाबाईनं स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

मी बायडाबाई. गारगोटीपासून सात-आठ किलोमीटर आत आमचं गाव, तिथं मी अंगणवाडी सेविका. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरी केली, मी पोरगी काखेत मारून माहेरी आले, आणि दहावी पास होते म्हणून अंगणवाडी मिळाली. मानधन म्हणजे काय, मीठमिरचीपुरतं. पण ते माझं होतं. त्याच्यामुळं भावजयीच्या तोंडाकडं बघत बसायची वेळ माझ्यावर आली नाही.

आक्का आमच्या गावची नर्सबाई. उंच, हाडापेरानं दणकट, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगावर पांढरी साडी आणि बुडाखाली लुना. लुनाचा आवाज वेशीत आला की निम्म्या बाया मागच्या दारानं पसार व्हायच्या, कारण आक्काच्या जिभेला हाड नव्हतं. लोहाच्या गोळ्या उकिरड्यात टाकणारीला ती भर चावडीत विचारायची, तुझ्या म्हशीला तरी घातल्यास का गं? धनुर्वाताच्या इंजेक्शनाला नाही म्हणणाऱ्या सासूला, आधी तुलाच टोचते म्हणून सुई दाखवायची. शिव्या मराठीत द्यायची आणि माया कानडीत करायची. गप बस म्हणायचं असलं की 'सुम्ने बस' म्हणायची, आणि ते आमच्या गावात सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं.

तिचा नवरा चन्नाप्पा नेसरीला शेती करायचा, दोन पोरं सासूनं वाढवली. आक्का रविवारी जायची आणि सोमवारी परत. थोरल्या पोराच्या लग्नाला निघालेली बाई आमच्या गावात एकीला कळा लागल्या म्हणून थांबली, आणि अक्षता पडून गेल्यावर मांडवात पोचली. पोरगा वर्षभर बोलला नाही. तिनं ते मला हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता डोळं पुसलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. पोरीला दिवस गेले तर तीन महिने कुणाला सांगायचं नाही. त्यातनं सरकारी वहीत नाव चढवायचं म्हणजे दृष्ट लावून घ्यायचंच काम. आणि सरकार म्हणणार, पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा, तरच तपासण्या होणार, गोळ्या मिळणार, माझ्याकडची सुकडी, म्हणजे पोषणाचं गोड पीठ, मिळणार, आणि अनुदानाचा कागद हलणार. आक्कानं यावर आपली एक युक्ती काढली होती. ती घरात विचारत बसायचीच नाही. परसातनं चक्कर मारायची आणि दोऱ्या बघायची. महिन्याची फडकी कुणाच्या दोरीवर वाळताहेत आणि कुणाच्या नाहीत, एवढं बघितलं की तिला सासूच्या आधी कळायचं. दोन महिने दोरी मोकळी दिसली की आक्का दारात हजर. तारीख ती त्या दोरीवरनंच धरायची, आणि बाळंतपण बहुतेक त्याच आठवड्यात व्हायचं.

पंच्याण्णव साली दिल्लीची योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बाईला बाळंतपणाआधी पहिल्यांदा तीनशे, मग पाचशे रुपये, सकस खायला म्हणून. अट अशी, की वय एकोणीस पूर्ण पाहिजे आणि पहिल्या दोन बाळंतपणांनाच मिळणार. आता आमच्या खेड्यात गरिबाच्या पोरीचं लग्न सोळाव्या, सतराव्या वर्षी उरकायचं. आक्कानं अर्ज माझ्यापुढं टाकला आणि भडकली. म्हणाली, जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच वगळलंय बघ. सोळाव्या वर्षी पोट आलं तर त्या पोटाला भूक लागत न्हाय व्हय?

मग म्हणाली, "बायडे, एकोणीस लिही."

मी लिहिलं. तिथनं पुढं किती पोरींचं एकोणीस लिहिलं, मला मोजता यायचं नाही. दाखला कुणी मागत नव्हतं, जन्माची नोंद निम्म्या जणींची नव्हतीच. पैसे आले की आक्का स्वतः त्या घरी जायची, आणि शेंगदाणे, गूळ आणि अंडी आणल्याशिवाय उठायची नाही. गावात तिचं नाव झालं. बाया म्हणायच्या, आपल्यासाठी भांडणारी एकच हाय.

आणि ती वेडी नव्हती. जिच्या जिवाला धोका दिसेल तिच्या नावापुढं ती वहीत लाल पेनानं ठिपका द्यायची. बुटकी बाई, अंगात रक्त कमी असलेली, आधीचं सिझर झालेली, अठराच्या आतली. ठिपकेवालीला तारखेच्या पंधरा दिवस आधी ती स्वतः एसटीत घालून कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन सोडायची. फक्त ज्यांचं वय आम्ही वाढवलं होतं त्यांना ठिपका देता यायचा नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं बरोबर बोट ठेवलं होतं, की वय एकोणीस, रक्त बरं, उंची बरी, मग लाल ठिपका कशाचा? तेव्हापासून त्या पोरींचं खरं वय आक्का डोक्यात ठेवायची. वहीत एकोणीस, डोक्यात खरं. अकरा वर्षं तिचं डोकं एकदाही चुकलं नाही.

विद्याश्री आमच्या गावात आली ती दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात, धोंडुबाईची सून होऊन. सीमेपलीकडची पोर. आई लहानपणीच गेलेली, बापानं दुसरं लग्न केलेलं, त्यामुळं माहेर नावालाच. नवरा राजशेखर गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला, आठवड्याला घरी यायचा. पोरीला मराठी धड येत नव्हतं. गावात तिच्याशी कानडीत बोलणारी एकटी आक्का, म्हणून लुनाचा आवाज आला की बाकीच्या पळायच्या आणि ही पळत पुढं यायची. माझ्याकडं सुकडी न्यायला आली की पिशवी कोपऱ्यात ठेवून अंगणवाडीतल्या पोरींबरोबर गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळत बसायची. पोट दिसायला लागलं तरी खेळायची. हरली की रुसायची. तिचं वय काय असंल, हे सांगायला दाखला लागत नव्हता. आक्कानं तिला कानडीत विचारलं तेव्हा तिनं बोटं मोजून सांगितलं, सतरा.

धोंडुबाई उंबऱ्यातनंच म्हणाली की नर्सबाई, एकोणीस लिवा, सगळ्यास्नी लिवता तसं. आक्कानं माझ्याकडं बघून मान हलवली. मी लिहिलं.

पण धोंडुबाईनं त्याआधीच एक काम करून ठेवलं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं. आक्का दोऱ्या बघत फिरते हे गावातल्या सासवांना ठाऊक झालं होतं. तीन महिने पुरे व्हायच्या आत सुनेचं नाव वहीत चढू नये म्हणून धोंडुबाईनं सुनेची पाळी चुकल्यावर एक महिना स्वतःच जुनी फडकी धुऊन दोरीवर वाळत घातली. आणि सुनेला पढवलं, की नर्सबाईनं विचारलं तर तीच तारीख सांगायची. त्यामुळं आमच्या वहीत तिची तारीख एक महिना पुढं धरली गेली. पुढच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत आक्का पोट चाचपून म्हणालीसुद्धा, की पोट महिन्यापेक्षा मोठं लागतंय, जुळं तर न्हाय? धोंडुबाईनं पोटच्या पोराची शपथ घेतली. आणि आक्कानं दोरी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास होता.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात आक्काला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला कोल्हापूरला बोलावलं. जुनी योजना जाऊन नवी आली होती. आता बाळंतपण दवाखान्यातच व्हावं म्हणून पैसे मिळणार होते, तेच शिकवायचं होतं. वयाची अट तीच, एकोणीस पूर्ण. आक्काच्या जागी आठ दिवसांसाठी नंदिनी नावाची कंत्राटी नर्स आली. कोल्हापूर शहरातली, वडील मास्तर, वय चोवीस-पंचवीस, बोलणं गोड आणि काम इतकं टापटीप की कापसाची बरणीसुद्धा रेषेत ठेवायची.

निघायच्या सकाळी आक्कानं लुनावर बसता बसता मला बजावलं. म्हणाली, "विद्याश्रीला अजून महिना हाय. पर भरवसा न्हाय. कळा लागल्या तर नंदिनीला तिचं खरं वय सांग, आणि इथं ठेवून घिऊ नका, सरळ कोल्हापूरला हलवा. मी तिथंच हाय."

"सांगतो की आक्का," मी म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी नंदिनीनं नोंदवही चाळली. पानं उलटता उलटता हसली आणि म्हणाली, ताई, तुमच्या गावात सगळ्यांचं वय एकोणीसच कसं हो? ती सहज बोलली, तिच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या मनात लगेच हिशेब सुरू झाला. सगळी वही माझ्या अक्षरातली. ही शहरातली, नियमावर बोट ठेवून चालणारी पोर, हिला एक वय सांगितलं तर सगळी वयं निघतील, आणि वर कळलं तर पहिली माझी अंगणवाडी जाईल. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गुरुवारी सकाळी आठला धोंडुबाई विद्याश्रीला घेऊन उपकेंद्रात आली. पहाटेपासून कळा. नंदिनीनं सगळं तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, रक्तदाब घेतला, सगळं व्यवस्थित लिहून काढलं. मग वही उघडली. नावापुढं ठिपका नव्हता. तिनं मान वर करून मला विचारलं, "ताई, पहिलटकरीण आहे. वय एकोणीस, बरोबर ना?"

धोंडुबाई माझ्याकडं बघत होती. मी दारात उभी होते.

"व्हय," मी म्हटलं.

एवढंच बोलले. त्यानंतर सात-आठ तास मी तिथंच होते आणि कधीही ते माघारी घेता आलं असतं. नंदिनी दर तासाला तपासत होती आणि धोंडुबाईला धीर देत होती, की पहिल्या खेपेला वेळ लागतोच. खरंच लागतो. एकोणीस वर्षांच्या धडधाकट बाईला लागतो तेवढा वेळ ती या पोरीला देत होती. दहा वाजता मी मनाशी म्हटलं, आता सांगते. बारा वाजता म्हटलं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर ही विचारणार, सकाळी का नाही बोललीस? आणि तोंडात मूग गिळून बसले. विद्याश्री माझा हात धरून सारखं एकच विचारत होती, "अक्का एल्ली? अक्का एल्ली?" नंदिनीला कानडी कळत नव्हतं, तिनं मला विचारलं की काय म्हणते ही. आक्का कुठाय विचारत्या, मी सांगितलं. मग नंदिनीनं तिच्या केसांवरनं हात फिरवला आणि म्हणाली, मी आहे ना.

अडीचला नंदिनीचा चेहरा बदलला. तिनं जीपसाठी फोन लावला. जीप यायच्या आत, साडेतीनला, पोरगी जन्माला आली. रडली पण चांगली. धोंडुबाईनं देवाला हात जोडले. आणि मग रक्त थांबेना. नंदिनीनं इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, पोटावर मुठीनं दाबून धरलं, प्रयत्नांची शिकस्त केली. सव्वाचारला जीप निघाली तेव्हा विद्याश्रीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मुदाळतिट्टा मागं पडला तोवर ती बोलत होती. कळंब्याच्या अलीकडं ती बोलायची थांबली, आणि नंदिनी तिचं मनगट धरून नुसती माझ्याकडं बघत राहिली.

आक्का हॉस्पिटलच्या फाटकात उभी होती. कुणीतरी तिला निरोप दिला होता. साडीला प्रशिक्षणाचा बिल्ला तसाच. तिनं जीपच्या मागच्या बाजूनं आत बघितलं, चढली, विद्याश्रीचे सुटलेले केस बोटांनी विंचरून वेणी घातली. पोरीचे केस फार लांब होते, त्याला बराच वेळ लागला. मग खाली उतरून मला बाजूला घेतलं.

"नंदिनीला सांगितलंस?"

मी मान हलवली, नाही म्हणून. वाटलं आता थोबाडीत बसणार. बसायला पाहिजे होती. ती नळावर गेली आणि हात धुवत राहिली.

पंधरा दिवसांनी चौकशीचे साहेब येणार असं कळलं. आदल्या संध्याकाळी मी आक्काच्या खोलीवर जाऊन तिच्या पाया पडले. म्हटलं, माझी पोरगी बारावीला हाय, माझं मानधन गेलं तर भाऊ घरात ठेवायचा न्हाय, आक्का, वयाचं सांगू नका. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "सुम्ने बस." मला त्यातनं काय ते कळलं नाही. रात्रभर जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, वयाची खात्री केली होती का? धोंडुबाई आधीच एकोणीस म्हणून मोकळी झाली होती, पोराच्या लग्नाची केस होईल या भीतीनं. आक्का उभी राहिली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत साहेबापुढं मान खाली न घालणारी बाई, तिनं जमिनीकडं बघत सांगितलं, की मुलीनं एकोणीस सांगितलं, आम्ही एकोणीस लिहिलं. सगळे कागद बरोबर होते. धोक्याचं एकही लक्षण वहीत नव्हतं. मग दोष कुणाचा? साधी बाळंतीण होती, नर्सनं हलवायला उशीर केला. नंदिनीचं कंत्राट तिथंच संपलं. जाताना ती आक्काच्या पाया पडली आणि म्हणाली, मला तुमच्या हाताखाली शिकायचं होतं. आक्कानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. नंदिनीला वाटलं असणार, आक्का रागावलीय.

अनुदानाचा चेक आला फेब्रुवारीत, विद्याश्रीच्या नावानं. परत पाठवायच्या कागदावर लाभार्थी मयत असं मीच लिहिलं.

त्यानंतर आक्कानं कानाला खडा लावला. शाळेचा दाखला दाखवा, नाहीतर डॉक्टरकडनं वय लिहून आणा. सतरा असलं तर सतराच लिही म्हणायची, आणि सतरा लिहिलं की अनुदान नाही. बाया हातापाया पडायच्या, सासवा भांडायला यायच्या, आक्का ऐकायची नाही. आता ती लाल ठिपका कुणालाही द्यायची, पायाला थोडी सूज दिसली तरी द्यायची, आणि कोल्हापूरच्या खेपा घालून घालून नवरे वैतागायचे. परसातनं फिरणं तिनं बंद केलं. गावानं काय म्हणावं? रिटायर व्हायला आली आणि बाईला माज चढला. आधी गरिबाची होती, आता साहेबाची झाली. हे मी माझ्या कानांनी पाण्याच्या नळावर ऐकलंय आणि हंडा भरून गप घरी आलेय. एका वाक्यात त्यांची तोंडं बंद करता आली असती, आणि ते वाक्य फक्त माझ्याजवळ होतं.

दोन हजार आठच्या मे महिन्यात ती रिटायर झाली. ग्रामपंचायतीनं नारळ आणि शाल दिली. शिपाई धरून अकरा माणसं होती. ज्या गावात तिनं दोन पिढ्यांची नाळ कापली त्या गावातली अकरा माणसं. धोंडुबाई आली नव्हती, पण नातीला शेजारणीबरोबर पाठवलं होतं. पोरीचं नाव शांभवी ठेवलंय, ते आक्कानंच सुचवलेलं. आक्कानं तिला मांडीवर घेतलं आणि सगळं होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

माणसं गेल्यावर तिनं मला खोलीत बोलावलं, पुढ्यात कोरा कागद आणि पेन ठेवलं. म्हणाली, लिही. मी लिहायला बसले, पंधरा वर्षं बसत होते तशी. जिल्ह्याच्या साहेबांना पत्र होतं. विद्याश्री हिचं खरं वय सतरा होतं. ते मला माहीत होतं. वहीत एकोणीस लिहायला मी सांगितलं. नंदिनी हिला ते कुणीही सांगितलं नाही, तिनं विचारलं तेव्हाही खरं सांगितलं नाही, तिचा काहीही दोष नाही, तिला पुन्हा कामावर घ्यावं. आक्का थांबून थांबून सांगत होती. शेवटी तिनं खाली सही केली, वाकडीतिकडी, मराठीतच.

"माझ्याखाली तुझी सही पायजे. करायची का न्हाय, तुझं तू बघ," ती म्हणाली. "पर पत्र टाक, बायडे. त्या पोरीचं नाव सुटलं पायजे."

"टाकतो की आक्का."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ट्रंक घेऊन नेसरीच्या वाटेला लागली. लुना आधीच विकून टाकली होती.

पत्र मी टाकलं नाही. पहिल्यांदा म्हटलं, पोरीचं लग्न ठरतंय, तेवढं होऊ दे. लग्न झालं. मग म्हटलं, सेविकांची मानधनवाढ होणार आहे, त्यात भानगड नको. ती पण झाली. मग म्हटलं, आता इतक्या उशिरा कोण वाचतंय? कारणं संपली तरी पत्र माझ्या ट्रंकेत तळाशी तसंच राहिलं. ट्रंक उघडायची झाली तर मी वरचेवरचे कपडे काढून घेते, खाली हात घालत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात आक्का गेली. हृदयाचा झटका. मी नेसरीला गेले तोवर माती होऊन गेली होती. चन्नाप्पा ओट्यावर बसले होते. त्यांना पत्राचं ठाऊक होतं. म्हणाले, पोस्टमन दिसला की विचारायची, कोल्हापूरच्या ऑफिसातनं काय आलंय का? मीच एकदा रागावलो, की सरकार कशाला उत्तर देतंय तुला. तर म्हणाली, न्हाय दिलं तर न्हाय दिलं, बायडीनं पत्र टाकलंय, माझं काम झालं. एवढं सांगून त्यांनी मला जेवून जा म्हणून आग्रह केला. मी जेवले. कशी जेवले ते माझं मला ठाऊक.

त्यानंतर दिवाळीच्या आधी कोल्हापूरला सेविकांची मीटिंग होती. परत येताना मध्यवर्ती स्टँडवर बाकावर बसले होते, तर कुणीतरी ताई म्हणून हाक मारली. नंदिनी. थोडी सुकलेली, चष्मा लागलेला. माझ्याशेजारी बसली, दोन चहा मागवले. एका खाजगी दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम करते म्हणाली. नर्सिंग सोडलं. बाळंतपणाच्या खोलीत गेलं की हात गार पडतात, म्हणाली. मग आक्का कशा आहेत विचारलं. मी सांगितलं, गेल्या. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, आक्का शेवटपर्यंत माझ्यावर रागावूनच होत्या ना? मी त्या दिवसाचा एकेक तास आठवून बघते. एकोणीस वर्षांची बाई, सगळं नॉर्मल, मी सगळं नियमानं केलं. माझं नेमकं कुठं चुकलं, तेवढंच मला कळत नाही. तुम्ही होता की तिथं. तुम्हाला काही आठवतं?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मला सगळं आठवत होतं, उपकेंद्राचं दार आणि तिचं वर बघून विचारणंसुद्धा.

मी म्हटलं, "न्हाय गं. माझी गाडी लागली बघ."

गाडी लागली नव्हती. मी पिशवी उचलली आणि गारगोटीच्या फलाटाच्या मागं, पाण्याच्या टाकीआड जाऊन उभी राहिले. तिथनं ती दिसत होती. तिनं माझ्या कपात राहिलेला अर्धा चहा ओतून दिला, दोन्ही कप टपरीवर नेऊन दिले आणि परत येऊन त्याच बाकावर बसली.